दोन बोटांची फट

जुहूच्या हँगरात ते उताणं नव्हतं,
पण पोट उघडं होतं,
ऑपरेशन अर्धवट टाकून डॉक्टर चहाला गेल्यासारखं.
बारा सिलिंडरांचं इंजिन, माझ्या वडिलांहून थोरलं.

केरसी दुभाष म्हणाले,
पंख कापले, काच खाली आणली,
वजन तर एवढं उतरवलं की मला माझीच लाज वाटते.
पण पळायला लागली की तापते, डिकरी.
तिचं तोंड मोठं कर.

मी कागदावर तोंड मोठं केलं.
पैसे त्याचेच मिळणार होते.

पास्कू परेरा कोलिव्हरीहून सायकलने आला,
टॅक्सीचे मडगार्ड ठोकण्यात हयात गेलेला.
कागद उलटा धरून बघितला, मग सुलटा.
"मोठा तोंड काय कामाचा?
जेवरा खाल, तेवरा ओकाल."

खरंच होतं. न मावलेली हवा
ओठावरून परत सांडते,
आणि सांडलेली हवा ओढत न्यावी लागते,
रडत्या पोराला बाजारातून न्यावं तशी.

शिवाय पत्र्याला चिकटून येणारी हवा दमलेली असते.
नाकापासून पोटापर्यंत घासत आलेली,
वेग कुठेतरी वाटेत हरवलेली.
ती आत घेतली तर जाळीशी येऊन नुसती घुटमळते.
तिला बाजूने जाऊ द्यायचं.
तोंड पोटाला टेकवायचंच नाही.

आम्ही प्लायवूडचं पोट केलं, टेम्पोच्या टपावर बांधलं.
आतेच्या राहिलेल्या स्वेटरची मरून लोकर
बोटबोटभर कापून आत-बाहेर चिकटवली.
पहाटे चारला, वडाळ्याच्या मिठागरांमागे,
टेम्पो नव्वदवर, मी टपावर पालथी, दातांत टॉर्च,
ओठांवर मीठ.

तोंड टेकलेलं असताना
आतले धागे कुशी बदलत होते,
ताप आलेल्या माणसासारखे.
मग पास्कूने पाचरी ठोकल्या, तोंड खाली उतरवलं,
आणि पुढच्या फेरीत सगळे धागे
एका दिशेने निजले.
मी टपावर हात आपटला. ड्रायव्हरला वाटलं, थांबायचंय.

ॲल्युमिनियमला त्याने कपड्याचा साबण चोळला,
खालून बत्ती फिरवली.
साबण तपकिरी झाला की पत्रा नरमला.
मग वाळूची पिशवी, लाकडी हातोडा,
आणि तीन दिवस कुणाशी बोलणं नाही.

तोंड लहान.
आत मात्र वाट रुंदावत जाणारी,
की हवेने घाई सोडावी,
जाळीतून निवांत जावं,
इंजिनाचा ताप अंगावर घ्यावा
आणि मागच्या चिंचोळ्या दारातून
तोच ताप घेऊन जोरात सुटावं.
तेवढाच धक्का पुढे.
ताप फुकट जात नाही, हे मला
चाळीस वर्षांनी एका पत्र्याने शिकवलं.

दुभाषांना फट आवडली नाही.
दात पडल्यासारखी दिसते, म्हणाले, बुजवून टाक.
पास्कूने नुसती दोन बोटं फटीत घातली,
त्यातलं एक पेरापाशी तुटकं, प्रेसखाली गेलेलं,
आणि काढलीच नाहीत
दुभाष बरं म्हणेपर्यंत.

माझ्या ड्रॉइंगवर अडतीस मिलिमीटर.
कॅलिपर लावला. साडेसदतीस.
मी ड्रॉइंग दुरुस्त केलं.

विमान पेटीत बसून न्हावा-शेव्याहून गेलं,
कुठल्याशा वाळवंटातल्या शर्यतीला.
पाच महिन्यांनी निरोप आला:
तिसरा नंबर. काटा शेवटपर्यंत हिरव्यात.
इंजिनाने एकदाही तक्रार केली नाही.

मी कोलिव्हरीला गेले.
पास्कू क्रुसापाशी पायरीवर बोंबील सोलत होता.
सगळं सांगितलं, वेगासकट,
दुभाषांनी पाठवलेला फोटोही दाखवला.
त्याने हात लुंगीला पुसले,
फोटो लांब धरला, पोटाखाली बघितलं.

"मागचा दार किती उघडा ठेवला व्हता?"

ते कळवायचं
कुणाला सुचलंच नव्हतं.