परीटघडी

आई विमानं मोजत नसे.
गावातले बाकी सगळे मोजायचे:
पाद्रीबाबा दफनभूमीच्या भिंतीला टेकून,
मिसेस गूच कोंबड्यांना दाणे टाकता टाकता.
सकाळी चोवीस गेली, दुपारी एकोणीस आली,
मग संध्याकाळभर कुणी कुणाशी बोलायचं नाही.
आई शर्ट मोजायची.

नॉर्फक, त्रेचाळीसचा हिवाळा.
बीटाच्या शेतावर अमेरिकनांनी मैलभर काँक्रीट ओतलं
आणि आमच्या मोरीतल्या तांब्याच्या हंड्यात
त्यांचे कपडे उकळू लागले.
मी दहा वर्षांची.
सायकलच्या टोपलीत गाठोडी घालून
तारेच्या कुंपणापर्यंत जायचे,
येताना साबणाच्या वड्या.
एकदा डबाबंद पीच मिळाले.
पाक आम्ही तीन दिवस पुरवला, चमच्याचमच्यानं.

आभाळात फार उंच गेलं की घाम गोठतो,
खाली आल्यावर वितळतो,
वाळला की पाठीवर पांढरा नकाशा उरतो.
हे मला शाळेत नाही कळलं.

कॉलरच्या आत काळा शिक्का असे:
आडनावाचं पहिलं अक्षर आणि चार आकडे.
नावं आम्हाला कुणी सांगितली नाहीत,
आईनंही विचारली नाहीत.
"एस ४४१७च्या बाहीला पुन्हा शाई,
बराच पत्रं लिहितो वाटतं,"
एवढं म्हणायची आणि डागावर लिंबू घासायची.
तो डाग काही निघाला नाही.

जो परतत नसे त्याची खाट
दिवे लागायच्या आत रिकामी करत.
फोटो, वस्तरा, घड्याळ, उरलेलं चॉकलेट,
सगळ्याची यादी होई, खाली दोघांच्या सह्या.
पण बाहेर टाकलेलं धुणं
कुठल्याच यादीत नव्हतं.
मार्चमध्ये एकाच आठवड्यात
आठ गाठोडी फळीवर राहिली.
परीटघडीचे शर्ट,
घडी मोडायला कुणी आलं नाही.

एक वर्ष आईनं हात लावला नाही.
मग माझा शाळेचा झगा कोपरात फाटला,
कापडाची कुपनं संपलेली,
आणि तिनं कात्री घेतली.
कापताना माझ्याकडे पाठ करून बसली होती.

मे महिन्यात दारात एक माणूस.
गालफडं बसलेली, टोपी हातात.
ऑर्व्हिल स्टेस्कल, राहणार नेब्रास्का,
चौदा महिने जर्मनांच्या कैदेत.
"माझं धुणं राहिलंय," म्हणाला,
"आणि अडीच शिलिंग देणं."
मी उंबऱ्यात उभी होते,
त्याच्याच शर्टाचा ब्लाउज घालून.
आईचा हात तोंडावर गेला.
त्यानं माझ्या बाहीकडे पाहिलं,
शाईच्या डागाकडे, बराच वेळ.
"आटलाय," म्हणाला.
"असू दे. मीही आटलोच."

पैसे आईनं घेतले नाहीत. चहा दिला.
मग तो फळीपाशी गेला
आणि घडी न विस्कटता
एकेक कॉलर अंगठ्यानं उचलू लागला.
एच ०९३२: हॉगन. शीळ फार वाईट घालायचा.
के ७७०५: कोव्हल्चिक. मोजे उलटे घालून उडायचा,
शुभ असतं म्हणे.
आई स्टुलावर बसली.
दीड वर्ष जे आकडे तिनं इस्त्री केले होते
ते आता आडनावांनी खोलीत येत होते
आणि बसायला तर जागा नव्हती.

शेवटचा डी २२६०.
त्यानं दोनदा वाचला.
"नवा होता. दोन दिवसांपूर्वीच आलेला, पहिलीच फेरी.
पहाटे ट्रकमध्ये समोर बसला होता,
अंधारात त्याच्या सिगारेटचं टोक दिसत होतं."
अजून जरा थांबला.
"डेव्हिस? नाही. डेव्हिस वेगळा."

बाकीचे सहा तो घेऊन गेला, घरी पोचवायला.
हा राहिला.
माझ्याकडेच आहे. वर्षातून एकदा उन्हात काढते.
घडीच्या रेषांवर कापड विरलंय,
आता इस्त्री सोसत नाही.
हातानंच दाबते.