वीस फूट

तालुक्याची जीप राकसकोपच्या चढाला दोनदा बंद पडली,
म्हणून तपासणी दुपारच्या भातानंतर.
पोटं भरलेली, वजनं थोडी खोटी.
"असू दे की सर," म्हणाल्या हूगार सिस्टर,
"वर्षातनं एक दिवस तरी जड भरू दे."

काट्यावर पोर चढलं की त्या म्हणतात, तूक.
आमच्या बाजारातही मिरच्या तुकूनच घेतात,
या शब्दापाशी कुणी हद्दीचा दगड रोवलेला नाही.
एत्तर म्हणजे उंची. ती मी खडूनं भिंतीवर मारतो,
गेल्या साली मारलेल्या रेघेच्या वर.
दोघांची रेघ वर सरकली नाही.
त्यांच्यापाशी सिस्टर थांबल्या,
खालची पापणी बोटानं ओढून
आत लाल शोधत राहिल्या.

जंताची गोळी चावायची, गिळायची नाही.
भरमा म्हणाला, खडूगत लागतीय,
आणि आणखी एक मागितली.

वैजयंता गावडे, दिवाळीनंतर चंदगडाकडून आलेली.
लसीचं कार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
त्यावर पलीकडच्या राज्याचा शिक्का.
रकाने जुळेनात.
सिस्टरनी तिची बाही वर सरकवली,
दंडावरचा वण बघितला
आणि आमच्या कागदावर बरोबरची खूण केली.

मग डोळे.
सुतळीनं वीस फूट मोजले,
खिळ्याला तक्ता लटकवला, सगळी अक्षरं कन्नड.
"काणस्तद एन?"
वैजयंता गप्प.
पेन 'दृष्टी कमी'च्या रकान्यापाशी गेलं तशी ती बोलली,
"दिसालंय की. नाव ठाऊक न्हाई.
पहिली गाडग्यागत हाय, वर शेंडी.
दुसरीच्या पोटात टिंब.
तिसरी दार उघडं टाकल्यागत."
आणि अशीच, न अडखळता, खालच्या ओळीपर्यंत.
तिथं कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं,
ते मला चष्म्यातूनही दिसत नाही.
तिनं त्यातलीही वळणं सांगितली.

शेवटी लुमाण्णा.
कन्नडमध्ये वर्गात पहिला, बाकी सगळ्यात माझी डोकेदुखी.
फळ्यावर सत्तावीस असेल तर वहीत एकवीस.
त्यानं एक डोळा तळहातानं झाकला
आणि तक्ता घडाघडा म्हटला,
वरून खालपर्यंत, एका दमात.
पोरांनी टाळ्या पिटल्या.

सिस्टर हसल्या नाहीत.
त्यांनी तक्ता काढला, उलटा केला,
मागची पांढरी बाजू धरून उभ्या राहिल्या.
"परत एकदा, राजा."
लुमाण्णानं परत म्हटलं.
तसंच. एक अक्षर न चुकता.
कोऱ्या कागदावरून.

आधी कोणीतरी फिसकन हसलं,
मग भाताची पातेली घासल्याचा आवाज तेवढा राहिला.
तो अजून तळहात डोळ्यावर धरून उभा,
कुणी पुरे म्हणेपर्यंत.

तीन वर्षं मी त्याच्या वहीवर लिहीत आलो, लक्ष नाही.
लाल शाईनं. ठळक.
तेही त्यानं नाकाला वही लावूनच वाचलं असणार.

चष्मा खानापूरहून येईल, दोन महिने लागतील,
फॉर्मवर पालकाची सही, मुख्याध्यापकांची सही, माझी सही.
मी केली. वळण बिघडलं.

जीप गेल्यावर त्याला शेवटच्या बाकावरून उठवला,
दप्तरासकट पुढं आणला,
फळ्यापासून चार हातांवर बसवला.
खडू घेतला, तारीख लिहायला लागलो.

"सर," मागून आवाज,
"फळ्याला भेग पडलीय की.
कधी पडली?"

मी म्हणालो, आत्ताच.