रॅमवरचं मीठ

पुन्हा चालू होत नाहीये.
तीन लांब बीप, मग काही नाही.
झाकण उघडतो: पालीची दोन अंडी, कुंभारणीची माती,
आणि रॅमच्या सोनेरी दातांवर तेच,
वेंगुर्ल्याचं मीठ.

खोडरबर घेतो, शाळेतलं, एका बाजूने निळं.
घासता घासता सकाळची बातमी आठवते:
सूर्याच्या वेशीबाहेर गेलेलं ते म्हातारं यान.
त्याची एक चिप मेली, महिनोन् महिने बरळत होतं.
मग इथून त्याला समजावलं,
ती खोली सोड, सामान दुसरीकडे हलव.
निरोप पोचायला बावीस तास, उत्तर यायला बावीस.
आणि सावरलं की ते!

माझ्या नाकापासून ही चिप एक वीत.

आग्नेल सुरमई घेऊन येतो, खिडकीतून डोकावतो.
"काकानू, नवो घेवा मा आता."
त्याच्या खिशातल्या फोनात
असली पन्नास खोकी मावतील.
त्याला काय सांगू,
बर्फाच्या कारखान्यातला ओव्हरटाइम मोजून
एकेक सुटा भाग आणून बांधलंय हे.
याचा पंखा कुरकुरला की मला कळतं
वारा खाऱ्या अंगाने फिरलाय.

फुंकर मारत नाही. फुंकरीतही ओल असते.
बनियनच्या चिंधीने पुसतो, खटकन बसवतो,
बटण दाबतो.

एकच, छोटी बीप.

आणि लाइट जाते.

बसून राहतो तसाच.
बावीस तास काही लागणार नाहीत.
मांजर सुरमईकडे बघतंय.