चिकटवणारा

लॅटिन मला येत नाही, स्पेलिंगं येतात.
सव्वीस वर्षं खळ लावतोय
विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्राच्या मागल्या खोलीत,
डांबरगोळ्यांच्या वासात.
घरी जेवताना बोटांना तोच वास. बायको म्हणते,
तुमच्या हातचा घास कसरसुद्धा खायची नाही.

ही मसाई पठारावरची, भाद्रपदातली.
कातळावरच्या दोन बोटं मातीत उगवलेली.
मॅडमनी मेंढक्याला विचारलं, हिला काय म्हणता?
तो म्हणाला, गवत. मेंढरं खात्यात.
पुस्तकात मराठी नाव अबोलिमा.
आणि तिसरं हे, तिरक्या अक्षरातलं:
मर्डनिया लॅन्युजिनोझा.
पोरं हसतात. मर्डर झाला म्हणतात.

लॅन्युजिनोझा म्हणजे लव असलेली.
भिंगातून बघितलं, खरंच आहे.
नातू झाला तेव्हा त्याच्या पाठीवर होती तशी.
आम्ही दाखवायला गेलो दवाखान्यात, तोवर झडून गेली.

मर्डनिया कुठनं आलं, ते मॅडमनी
चहा गार होईतो सांगितलं.
सहारनपूरच्या बागेत एक मुन्शी होते, मुर्दान अली.
झाडं गोळा करायचे, सुकवलेली सांभाळायचे.
तिथल्या गोऱ्या डॉक्टरनं अख्खी प्रजाती
त्यांच्या नावावर चढवली,
सात-बाऱ्यावर चढवावी तशी.

मी विचारलं, सांभाळायचे म्हणजे?
म्हणजे तुम्ही करता तेच, मुजावर.

आता मुजावर म्हणजे तरी काय?
दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती बघणारा.
आजा बघायचा, गावच्या पिराची.
मी कपाटं बघतो. वाळवी, ओल,
जूनमध्ये फुगणारी दारं.

लेबलावर तोडणाऱ्याचं नाव असतं,
ओळखणाऱ्याचं असतं.
चिकटवणाऱ्याला रकाना नाही.
त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं,
त्या दिवशीही फार नाही.
फक्त मर्डनिया लिहिताना पेन जरा सावकाश चाललं,
आणि दोन न एकाला एक चिकटले नाहीत.

फुलाचा रंग मात्र राहिला नाही.
हिच्या पाकळ्या विरघळतातच,
कितीही हलक्या हातानं दाबा.
शीटवर देठ, पानं, तपकिरी बोंडं.
अबोली उतरली ती खालच्या रद्दी पेपरवर,
खासबागच्या कुस्तीच्या बातमीत,
हरलेल्या पैलवानाच्या खांद्याखाली,
ओल्या बोटाएवढी.
त्याचं नाव काही वाचता येईना.