तंगूस

सतरा सेंटीमीटरचा अँटेना आम्ही
हार्डवेअरच्या दुकानातल्या टेपमधून कापला,
पिवळा, आकड्यांसकट.
सुताराचे आकडे आभाळात जाणार म्हणून
खय्यूम मिस्त्री दिवसभर हसत होते.
एमआयडीसीत त्यांच्याच लेथवर निघाली होती चौकट,
दहा बाय दहा बाय दहा.
"एवढ्याशा डबीत आठवड्याचा मसाला मावायचा न्हाई,
अन् तुम्ही इलेक्ट्रॉन मोजायलाव?"

दुमडलेली पट्टी बांधायला दोरा पाहिजे होता,
वर गेल्यावर तार तापली की जळून तुटेल असा.
मुंजाजीच्या मामानं येलदरीहून तंगूस पाठवली,
निवडून, सगळ्यात चिवट.
चार किलोचा रोहू ओढला तरी तुटायची न्हाई, म्हणाले.
तेव्हा ध्यानात आलं नाही कुणाच्या
की आपल्याला तुटणारीच हवी आहे.

रेक्टर मॅडमना अर्ज केला:
रात्री दोन चाळीसला उपग्रह येणार आहे,
तरी गच्चीवर जाण्याची परवानगी मिळावी.
त्यांनी खाली लिहिलं, पालकांची सही आणा.
अब्बांनी फोनवर दोनदा विचारलं,
कोण येणार आहे?

पहिल्या रात्री खरखर.
दुसऱ्या रात्री खरखर,
आणि परभणी जंक्शनवर डबे जोडणारी मालगाडी.
जिंतूरच्या अंगानं उगवायचा,
गंगाखेडकडं मावळायचा,
मधली नऊ मिनिटं आमच्या डोक्यावरून
तोंड बांधून जायचा.
अकरा रात्री.
मुंजाजीला जेवण जाईना.
मामाला सांगायचं तरी कसं,
दोरी फारच चांगली निघाली तुमची.

बाराव्या रात्री मी वहीत तारीख टाकून
पेंगत होते.
दैवशालानं दंडाला चिमटा काढला,
"यायलंय का गं ऐकू?"
यायलं होतं.
टिटवीच्या पिल्लासारखं, बारीक, तुटक.
पहिला आकडा उतरवून घेतला:
आतलं तापमान, उणे अकरा.
मे महिना. तळव्याखाली गच्ची अजून पोळत होती.

तार उशिरा तापली, की उन्हानंच दोरा खाल्ला,
ते कळलं नाही.
अहवालात लिहिलं, कारण अनिश्चित.

सकाळी मुंजाजीनं फोन लावला.
मामा होडीत होते.
"तुटली का?"
"तुटली, मामा."
थोडा वेळ नुसतं वल्ह्याचं पाणी वाजत राहिलं.
मग म्हणाले,
"बारा दिवस टिकली म्हण की."