साडेतेहतीस फूट

डावीकडच्या रकान्यात राज्याची अपेक्षा,
उजवीकडे पान नंबर,
मधला रकाना अरुंद : पूर्ण, अंशतः, नाही.
शाळेच्या लायब्ररीत, जुलैत, टेबलफॅन लावून
आम्ही तिघं पुस्तकाचं माप घेत बसलोय :
मी, बीजगणिताचा ऑर्डेल क्विस्ट,
आणि रोज चाळीस मैल गाडी हाकत येणारी टेसा.
शुक्रवारी पाचच्या आत तक्ता बिस्मार्कला पोचला नाही
तर पुस्तक यादीतून बाद,
आणि यादीत नाही त्याला पैसा नाही.

काम तसं शिवणकामाचंच.
अंग राज्याचं, कापड प्रकाशकाचं,
उसवायचं, टाचायचं, ओढून बघायचं.
'विद्यार्थी नमुना निवडीतला पक्षपात ओळखतो.'
पान एकशे बारा. पूर्ण.
'विद्यार्थी सहसंबंध आणि कारण यांत फरक करतो.'
ऑर्डेल म्हणतो, माझ्या सासऱ्याला अजून जमलेलं नाही,
गुडघा ठणकला की तो हिमवादळ आणतो.
पान दोनशे सहा. अंशतः.
एका गणितात माणसं मेट्रोची वाट बघतात.
टेसा मेट्रो खोडते, तिथे बीटचे ट्रक उभे करते
ऑक्टोबरातल्या रात्री दोनला, वजनकाट्यासमोर.
पोरं आता तरी वाचतील, म्हणते.

मग पान अठ्ठ्याऐंशी.
हे उदाहरण जुन्या आवृत्तीपासूनचं,
इथल्याच कुणीतरी घातलेलं.
वसंतातली नदीची कमाल पातळी, सहा वर्षांची, फुटांत :
अठ्ठावीस. एकतीस. सव्वीस. तेहेतीस. एकोणतीस.
चोपन्न.
(अ) सरासरी काढा.
(आ) विसंगत निरीक्षण वगळून पुन्हा काढा.

बावीस वर्षं शिकवलं मी हे.
साडेतेहतीस. एकोणतीस पूर्णांक चार. पुढचं गणित.
त्या पुरानंतर दुसऱ्या वर्षी मार्गिट ब्रेक्केनं
(आ)खाली लिहिलं होतं :
वगळता येत नाही. माझी खोली तळघरात होती.
मी अर्धा गुण कापला.
पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून.
लाल पेनानं, नीट, समासात.

साडेतेहतीस फूट.
पाच वसंत पाणी तिथवर चढलं नाही,
सहाव्यात तिथे थांबलं नाही.
पोस्टाच्या भिंतीवर पितळी पट्टी आहे ती चोपन्नला.
सरासरीला कुणी पट्टी ठोकत नाही.

बॉस्टनहून प्रकाशकाचा केंडल पडद्यावर येतो.
भला माणूस आहे, मागे त्याचं मांजर फिरतं.
म्हणतो, अपेक्षा पूर्ण होतेय ना, मग हात लावू नका,
पान गच्च भरलंय.
खरं आहे त्याचं. रकान्यापुरतं तर खरंच आहे.
मी 'पूर्ण' टाइप करते.
बॅकस्पेस दाबते.

(इ) कुठलं निरीक्षण वगळायचं हे कोण ठरवतं?
तुमच्या गावाबद्दल चार ओळी लिहा. पायऱ्यांची गरज नाही.

टेसा विचारते, हे कुठल्या अपेक्षेखाली?
आम्ही यादी वरून खाली वाचतो, खालून वर वाचतो.
गावाबद्दल काही नाही. पायऱ्यांबद्दल पुष्कळ.
शेवटी ऑर्डेल बोट ठेवतो :
'विद्यार्थी माहितीचा संदर्भासह अर्थ लावतो.'
ताणलं तर बसेल, म्हणतो,
आणि चष्मा पुसत बसतो, गरजेपेक्षा जास्त वेळ.

चार कोऱ्या ओळींनी धडा एका पानानं वाढला.
म्हणजे अठ्ठ्याऐंशीनंतरचं सगळं सरकलं,
प्रत्येक पान, प्रत्येक नोंद,
उजवा रकाना आख्खा चुकला.
अडीच वाजलेत. शुक्रवार आहे.
केंडलचं मांजर कॅमेऱ्यासमोर येऊन बसलंय.
टेसा लेमन बारचा डबा पुढे ढकलते,
बोटांवरची पिठीसाखर जीन्सला पुसते :
चला, एकशे बारा आता किती?