मूस

विट्याच्या मैदानावर मुरूम आहे,
टर्फ आम्ही मोबाईलवर पाहिलंय.
मुरमावर चेंडू सरळ येत नाही,
खडा लागला की उसळतो, थेट तोंडाकडे.
शिरतोड्यांच्या तेजलचा दात असाच गेला,
निम्मा. सगळ्या जणी उकिडव्या बसून शोधत होतो,
पांढरा खडा दिसला की कुणीतरी ओरडायचं, सापडला!

दुसऱ्या दिवशी मुल्लाणी मॅडमनी फळ्यावर लिहिलं :
दातांचं कवच. ज्याचं त्यानं आणायचं.
बाकी सगळं शाळेचं, पोत्याएवढ्या एका पिशवीत,
उचलायला दोघी लागतात.
छातीचं, गळ्याचं, पायांचे ते दोन ठोकळे,
आधीच्या चार गोलकीपरांच्या घामाचा वास,
बक्कल तुटलंय तिथं परकराची नाडी.
हेल्मेट मला मोठं. आत टॉवेल कोंबते,
मग समोरच्या पोरी
चौकोनाचौकोनांतून धावत येतात.

आण्णा जालंधरला असतात. गलाईत.
आमच्या गल्लीतले निम्मे बाप असेच
लांबच्या कुठल्यातरी गावात सोनं वितळवतात.
दिवाळीला आले तेव्हा स्टिक आणली,
छत्तीस इंची, तिथल्याच कारखान्यातली,
रेल्वेत दोन रात्री उशाशी घेऊन झोपले.
आणि खिशातून एक डबी :
निळं रबर, बैलाच्या नव्हे, घोड्याच्या नालासारखं.

चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं.
आई म्हणाली, आता यात चहा व्हायचा नाही.
आण्णांनी चिमट्यानं नाल बुडवला,
ओठ हलवत तीसपर्यंत मोजलं,
वर काढून नुसतं बघितलं.
किती नरम झालंय ते त्यांना बघून कळतं,
जन्मभर मुशीत तेवढंच बघितलंय.
"चाव. हलू नको. जीभ वर दाब."
माझ्या गालांवर त्यांची बोटं,
तेजाबानं पिवळी, टोकांना रेघा नसलेली.
रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नाही,
दुकानदार दरवेळी म्हणतो, पुसून ठेवा, परत ठेवा.
माझ्या दातांचा ठसा मात्र
पहिल्याच खेपेला उठला.

मी माझा डावा हातमोजा पुढं केला,
फोम सुटलेला, उशीएवढा :
"हा घाला की भट्टीवर."
घातला. चिमटा धरायला गेले. चिमटा पडला.
"सोनं धरायला कातडीच लागते गं," म्हणाले,
आणि मोजा उलटा करून
सुटलेली शिवण बघत बसले.
सकाळी उठले तर शिवलेली होती,
पितळी तारेनं.

पुढच्या वर्षी दाढ आली, कवच बसेना.
जुनं त्यांनी मागून नेलं.
गल्ल्यात ठेवतात, बारकी वजनं असतात तिथं.
परवा फोनवर सांगत होते,
एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे काय?
"मग काय सांगितलं?"
"पोरीचा चावा," म्हणाले. "गहाण नाही."
मागं भट्टीचा पंखा चालू होता,
पुढचं नीट ऐकू आलं नाही.